वाण्याच्या यादीची मागची बाजू

श्रावण लागला की आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला एक लांबट कागद अडकवला जातो आणि त्यावर वाण्याची यादी लिहायला सुरुवात होते. हरभरा डाळ, गूळ, वेलदोडे, जायफळ, खसखस, शेंगतेल, कापूर, फुलवाती असे जे ज्या वेळी आठवेल ते लिहीत जायचे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास यादी गणपती पेठेतल्या दुकानात पोचती करायची, ही सासूबाईंची पद्धत मी लग्न होऊन सांगलीत आल्यापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, पाळत आले आहे. गेल्या तीन वर्षांपासून मात्र त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी दुसरी एक यादी लिहिते. तीत डाळ-गूळ नसतो. माझे जेवण, माझी झोप, माझ्या गोळ्या आणि माझी स्वतःची दोन-तीन कामे असतात. दुकानात पुढच्या बाजूची नक्कल जाते आणि मूळ कागद दिवाळी संपेपर्यंत खिळ्यावरच राहतो, त्यामुळे येता-जाता ती मागची बाजू घरातल्या सर्वांच्या नजरेस पडते. आजचे हे लिखाण त्या मागच्या बाजूविषयी आहे.

यंदा, म्हणजे २०२५ साली, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. दोन्ही दिवस धरून हे अठ्ठावन्न दिवस होतात. त्यात गौरी आहेत, पितृपक्ष आहे, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी आहे, आणि मी माध्यमिक शाळेत शिकवत असल्यामुळे याच अठ्ठावन्न दिवसांत प्रथम सत्र परीक्षा आणि तिच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही आहेत. श्रावणातले सोमवार, शुक्रवार आणि नागपंचमी मी यात मोजलेले नाहीत. सण मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे वाचून कुणाला हे सणांविरुद्धचे गाऱ्हाणे वाटू नये. चतुर्थीच्या आधीच आमच्या गणपती मंदिरात गाजावाजा न करता चोर गणपती बसतो, तेव्हापासून गावभागातल्या हवेलाच वेगळा वास येतो आणि तो मला आजही हवाहवासा वाटतो.

ही मागची यादी सुरू होण्याचे कारण २०२२ सालच्या गौरीजेवणाच्या दिवशी घडले. त्या वर्षी गौरीपूजन रविवारी आले होते, त्यामुळे दीर-जाऊ, पुतणे, चुलतसासरे असे सगळेच घरी होते आणि पाने बावीस होती. मी पहाटे साडेचारला उठले होते. आदल्या रात्री आरास आणि निवडणे-टिपणे करता करता बारा वाजून गेले होते. पुरण शिजवणे, वाटणे, सोळा भाज्या, अळूच्या वड्या, कटाची आमटी, आंबील, कोशिंबिरी हे सगळे एकाच वेळी चालले होते. साडेबाराला नैवेद्य झाला, मग पुरुषमंडळींची आणि मुलांची पंगत झाली, मग सवाष्णीची आणि पाहुण्या बायकांची. पावणेतीनच्या सुमारास मी तव्यासमोर उभी राहून शेवटच्या पोळ्या करत होते, तेव्हा समोरची भिंत हळूहळू पांढरी होत गेली. तेवढे आठवते. जाऊबाईंनी मला मागून धरले नसते तर मी तव्यावरच पडले असते. त्या गडबडीत तुपाची वाटी सांडली आणि माझा डावा पंजा तव्याला टेकला, त्याचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो म्हणजे काल सकाळपासून तुम्ही काय खाल्ले होते. मी म्हणाले, चहा घेतला होता. किती वेळा, असे त्यांनी विचारले तेव्हा मी बोटांवर मोजू लागले आणि मोजता मोजताच ओशाळले, कारण पहाटेपासून पावणेतीनपर्यंत माझ्या पोटात पाच कप चहा आणि पुरणाची चव पाहण्यापुरता चमचाभर गोळा, एवढेच गेले होते. पाणीसुद्धा धड प्यायलेले नव्हते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की तो रक्तक्षय मानला जातो, म्हणजे मी काठावरही नव्हते. त्या दिवशीची चक्कर ही उपाशीपोटी शेगडीसमोर तासन्‌तास उभे राहिल्याची होती, पण तिच्याखाली काही वर्षांचे दुखणे साठलेले होते.

यात मी काही वेगळी नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आपल्या आळीत हळदी-कुंकवाला दहाजणी जमल्या तर त्यातल्या पाच-सहाजणी अशाच असतील, आणि त्यातल्या बहुतेकींना ‘जरा थकवा आहे, सणाचे दिवस आहेत, व्हायचेच’ असे वाटत असेल, जसे मला वाटत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वर चहाविषयी जे सांगितले, ते तोवर मला कुणीच सांगितले नव्हते. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे अन्नातले आणि गोळीतले लोह शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे किमान तासभर चहा घ्यायचा नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. सणाचा स्वयंपाक आपल्याकडे चहावर चालतो. भूक लागली की चहा, दमले की चहा, पाहुणा आला की त्याच्याबरोबर पुन्हा अर्धा कप. भूक मारण्याचे आणि लोह अडवण्याचे अशी दोन्ही कामे तो एकच कप करत होता. तेव्हापासून सणाच्या दिवशी ओट्यावर लिंबू पिळलेल्या पाण्याचा तांब्या असतो आणि चहा दोनच वेळा होतो. पहिले दोन दिवस डोके दुखले, हे खरे आहे.

खाण्याचा प्रश्न पाण्याच्या तांब्याइतका सहज सुटला नाही, कारण तो देवाशी जोडलेला आहे. नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाक करणारीने काही खायचे नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. नियमाविषयी माझा राग नव्हता, आजही नाही. देवाच्या आधी आपण उष्टे करू नये यामागची भावना मला कळते. मला खटकली ती निराळीच गोष्ट. सासूबाईंना गेली बारा वर्षे मधुमेह आहे आणि त्यांना सकाळच्या गोळीनंतर वेळेवर खावेच लागते, म्हणून त्या सणाच्या दिवशीही साडेआठला नाश्ता करतात आणि त्याला कुणी, त्या स्वतःसुद्धा, नियमभंग म्हणत नाही. म्हणजे नियमाला सवलत आहे, पण ती मिळवण्यासाठी आधी आजारी पडावे लागते. मी हे बोलून दाखवले तेव्हा सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तुला आता गोळी आहे ना, मग तूही खा.” मला वाद जिंकायचा नव्हता, त्यामुळे ती सवलत मी तेवढ्यावरच घेतली. मागच्या यादीतली पहिली ओळ तेव्हापासून अशी आहे: सकाळी नऊ वाजता दहीपोहे, बसून. ‘बसून’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते, कारण उभ्या उभ्या खाल्लेले खाणे आम्ही बायका खाण्यात धरत नाही आणि ते दोन घासांच्या पुढे जातही नाही. दहीपोहे नैवेद्याच्या भांड्यांना न शिवता आदल्या रात्री भिजवून वेगळे ठेवता येतात, त्यामुळे सोवळ्यालाही बाध येत नाही.

स्वयंपाक किती करायचा, हा त्याच्या पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला खरे तर २०१९ सालीच मिळाले होते, फक्त तेव्हा ते मी ऐकले नाही. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारतात. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमचे घर गावभागात. तळमजल्यावरचे सगळे गेले, स्वयंपाकघर तर गाळाने भरले होते. आम्ही आठवडाभर विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहिलो आणि परत येऊन चिखल उपसतो न उपसतो तोच गणपती आले, त्यामागोमाग गौरी आल्या. गौरीच्या साड्या भिजून डागाळल्या होत्या, पाटा-वरवंटा तेवढा शाबूत होता. त्या वर्षी गौरीला वरण-भात, भोपळ्याची भाजी आणि गुळाचा शिरा एवढाच नैवेद्य होता, तोही शेजारच्या घरातून आणलेल्या पातेल्यात शिजवलेला. आईंनी हात जोडून ‘यंदा एवढेच गं बाई’ असे म्हटले आणि आम्ही सगळे एकाच पंगतीला जेवलो, बायका-पुरुष मिळून, कारण वाढत बसण्याजोगे काही नव्हतेच. माझ्या आयुष्यातल्या गौरीजेवणांपैकी ते एकच जेवण मी गरम खाल्ले आहे. त्यानंतर कुणावर काही कोप झाला नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सोळा भाज्यांवर आलो आणि त्याचे कारण विचारले तर आमच्यापैकी कुणालाही सांगता आले नसते.

चक्कर आल्यानंतरच्या वर्षी मी तो पुराचा नैवेद्य आईंना आठवून दिला. आता सोळा भाज्या होतात, पण एकाच भाजीत. सोळा प्रकार चिरून एकत्र शिजवायचे. अशी मिसळीची भाजी पुष्कळ घरांत पूर्वीपासून होते, आमच्याकडेच प्रत्येक भाजीला वेगळी कढई लागत होती. पुरणपोळ्या नैवेद्यापुरत्या आणि घरच्यांपुरत्या मी करते, बाकीच्या आमच्या मागच्या गल्लीत एक बाई ऑर्डरने करून देतात. त्यांच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात, हे मला मान्य करावे लागते आणि ते मान्य करायला मला पोळ्या विकत आणण्यापेक्षा जास्त धैर्य लागले.

पायांचेही थोडक्यात सांगते. शहाबादी फरशीवर अनवाणी आठ-नऊ तास उभे राहून माझ्या टाचा इतक्या दुखत की सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी येई. मी फक्त स्वयंपाकघरातच वापरायच्या, रस्त्याला न लागलेल्या मऊ रबरी चपला आणल्या. त्यावर घरात जी चर्चा झाली ती सोळा भाज्यांवर झाली नव्हती. शेवटी ‘नैवेद्याचे ताट वाढताना काढायच्या’ या अटीवर चपला घरात राहिल्या. भाजी चिरणे आणि पुऱ्या लाटणे मी आता टेबलाशी बसून करते.

यानंतरची गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण ती गाळली तर हे लिखाण अर्धे खोटे ठरेल. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी गौरी-गणपतीत, नवरात्रात ‘अडचण’ येऊ नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या आहेत. मी त्या जवळजवळ दहा वर्षे घेतल्या, आणि एकदाही डॉक्टरांना विचारले नाही. मेडिकलच्या दुकानात हळू आवाजात सांगितले की कागदात गुंडाळून मिळत असत. कधी मी नाही तर जाऊबाई आणत. या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे संप्रेरक असते, त्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेला आहे किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी त्या घेऊ नयेत, ही माहिती मला चाळिशी उलटल्यावर मिळाली. त्या दिवसांत डोके जड होई, अंग सुजल्यासारखे वाटे, चिडचिड होई, आणि ती चिडचिड नेमकी सणाच्या दिवशी मुलांवर निघे. गोळ्या थांबवल्यावर येणारी पाळी मला तरी नेहमीपेक्षा जड जात असे. माझा रक्तक्षय त्यातून झाला असे मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण चाळिशीनंतर माझा रक्तस्राव वाढला होता आणि मी त्याकडे ‘सण निभावला ना, मग झाले’ अशा हिशेबाने पाहत होते, हे खरे आहे.

गेल्या वर्षी लेकीने नवरात्राच्या आधी, पुण्याहून फोनवर, मला त्याच गोळ्यांचे नाव विचारले; तिच्या मैत्रिणी घेतात म्हणे. मी तिला सांगितले की डॉक्टरला दाखवून, तिला स्वतःला हव्या असतील तर तिने घ्याव्यात, पण आपल्या घटासाठी घेऊ नयेत. ती आली आणि अडचण असली तर माळ तिचे बाबा बांधतील. आमच्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या की त्यांच्या तरुणपणी ते चार दिवस बाजूला बसणे हीच बायकांची एकमेव सुट्टी असायची. बाजूला बसवणे मला कधीच पटले नाही, आजही पटत नाही. तरी त्या वाक्यातला विसावा मी विसरलेले नाही, आणि गोळी घेऊन आम्ही तोही गमावला.

झोपेविषयी लिहिताना मला घरच्यांपेक्षा बाहेरच्यांशी अधिक भांडावे लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आमच्या भागात मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी गल्लीच्या तोंडाशी आला की खिडकीच्या काचा आणि छातीचा पिंजरा एकाच तालात हादरतात. सांगली संस्थानच्या गणपतीचे पाचव्या दिवशी विसर्जन होते, ती मिरवणूक मी आजही रस्त्यावर उभी राहून पाहते. माझी तक्रार त्यानंतरच्या रात्रींविषयी आहे. त्यावर माझा उपाय काही थोर नाही. मी मागच्या खोलीत झोपते, कानात मऊ बोळे घालते, आणि ज्या रात्री झोप मोडते त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अर्धा तास दार लावून पडते. हे ‘दार लावून’ घरात रुजायला वर्ष लागले. दुपारी घरातली बाई आडवी झाली की तिला बरे नाही असेच समजले जाते आणि कुणी ना कुणी कपाळाला हात लावून पाहायला येते, त्यातच झोप जाते.

२०२१ च्या पावसाळ्यात माझी आई गेली. माहेरी त्या वर्षी सण धरले नाहीत, आणि सासरी मात्र रिवाजाप्रमाणे सगळे व्हायचे होते. दिवाळीत आकाशकंदील लावताना मला ती इतकी आठवली की मी वर गच्चीत जाऊन बसले. खाली पाहुणे होते. ज्या घरात माणूस गेले आहे त्या घराने वर्षभर सण करू नये, ही चाल मला तोवर निव्वळ अशुभाच्या भीतीतून आलेली वाटत होती. त्या दिवशी मला तिच्यात दुसरेही काही दिसले: दुःखातल्या माणसाला चेहरा हसरा ठेवण्यापासून दिलेली वर्षभराची मोकळीक. लेकीला ती मोकळीक सासरी मिळत नाही. त्यानंतर मी दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीच्या दिवशी शाळेची किरकोळ रजा टाकते. आई सवाष्ण गेली, म्हणून तिची तिथी त्या दिवशी. मी काही विधी करत नाही. तिच्या हातची होती तशी शेंगदाण्याची आमटी करते आणि सकाळ तिच्यासाठी मोकळी ठेवते. दोन सणांच्या मधल्या त्या पंधरा दिवसांना लोक अशुभ म्हणतात, पण त्या काळात घरी पाहुणे नसतात, खरेदी नसते, डॉल्बी नसतो. मला ते वर्षातले सर्वांत शांत दिवस वाटतात.

आता घरातल्या पुरुषांविषयी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. हे आकडे मी यांना वाचून दाखवले तेव्हा हे म्हणाले की माझी ८८ नक्कीच होत असतील. मग आम्ही एका आठवड्याचे खरेच टिपून पाहिले. ती दिवसाला एकवीस भरली. हे मनाने चांगले आहेत, हट्टी नाहीत. त्यांना काम दिसत नव्हते एवढेच. ‘काही मदत हवी का?’ असे ते विचारत, आणि त्या वेळी माझे हात पिठात असत आणि काय सांगावे हे ठरवणे हेच आणखी एक काम होऊन बसे. आता वाण्याची यादी, दळण, फुले-पत्री, पिण्याचे पाणी, आणि जेवणानंतरची सगळी भांडी ही त्यांची कामे आहेत. मी त्यांत लक्ष घालत नाही. पहिल्या वर्षी गौरीला केवड्याऐवजी भलतेच काहीतरी आले होते. मी तोंड उघडले आणि मिटले. तोंड मिटणे ही मागच्या यादीतली न लिहिलेली ओळ आहे आणि ती मला सर्वांत जड जाते.

दिवाळीचे फराळ हे माझ्यासाठी उत्तरपत्रिकांशी बांधलेले आहे. परीक्षा संपते आणि सुट्टीच्या आधी गुण भरून द्यायचे असतात, नेमकी तीच चकलीची भाजणी भाजण्याची वेळ. पूर्वी मी रात्री एकापर्यंत पेपर तपासून पहाटे चकल्या तळायची आणि चकल्या कडक झाल्या की रडायची, म्हणजे अक्षरशः रडायची. आता चकली, करंजी आणि शेव आम्ही महिला बचत गटाकडून घेतो. चिवडा हे करतात. अनारसे मात्र मी सोडलेले नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचे आणि मग खसखशीवर थापून मंद तुपात एका बाजूनेच तळायचे, यातली प्रत्येक पायरी मला आवडते. अनारशाला जाळी पडताना पाहणे हा माझा विश्रांतीचाच भाग आहे. कष्ट कमी करणे म्हणजे सगळेच विकत आणणे, असे मला सुचवणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांना मी अनारसे देते.

नरक चतुर्दशीला पहाटे उठून पाणी तापवायचे, सगळ्यांना तेल लावायचे, उटणे कालवायचे, ओवाळायचे आणि आपण शेवटी दोन तांबे अंगावर ओतून स्वयंपाकघरात पळायचे, असे अभ्यंगस्नान मी पंचवीस वर्षे केले. गेल्या वर्षी लेकीने मला पाटावर बसवले आणि पाठीला, डोक्याला सावकाश तेल चोळले. माझ्या अंगाला कुणी तेल लावल्याला इतकी वर्षे झाली होती की मला आधी गुदगुल्या झाल्या, मग झोप आली. पहिली अंघोळ त्या दिवशी माझी झाली. आई बाहेर रांगोळीपाशी होत्या, त्यांनी ‘पाणी पुरेल का?’ एवढेच विचारले.

या यादीतले सगळेच साधते असे मुळीच नाही. ‘सायंकाळी आमराईत अर्धा तास चालणे’ ही ओळ गेली तीन वर्षे लिहिली जाते आणि चतुर्थीनंतर ती कुणी पाहत नाही, मीही नाही. दर वर्षी दिवाळीच्या खरेदीत कापडपेठेतून सर्वांचे कपडे घेऊन झाले की माझी साडी ‘नंतर बघू’ वर जाते. हिमोग्लोबिन मात्र मागच्या जूनमध्ये ११.६ होते आणि डॉक्टरांनी आणखी काही महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितले आहे.

भाऊबीजेला मी तासगावला मोठ्या दादाकडे जाते. तिथे मी माहेरवाशीण, त्यामुळे हातात पाट दिला जातो आणि उठू दिले जात नाही. गेल्या वर्षी ओवाळणी झाल्यावर दादा, मी, मुले असे सगळे पानावर बसलो होतो, श्रीखंड वाढले होते आणि वहिनी आतून एक एक पुरी आणून वाढत होत्या. सव्वादोन वाजले होते. मी विचारले, “वहिनी, सकाळपासून काही खाल्लंत का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “घेतला की चहा.” मी पान सरकवून उठू लागले, म्हणाले की तुमचे पान मांडल्याशिवाय मी जेवणार नाही. वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले. “ताई, वर्षातनं एकदा येता. गार पुरी वाढू काय तुम्हाला?” असे म्हणून त्यांनी फुगलेली पुरी माझ्या पानात टाकली आणि त्या परत आत गेल्या. पुरी फार सुरेख झाली होती. मी ती खाल्ली, आणि आणखी दोन घेतल्या.